ओढणाऱ्यांचा वाटा

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक चाकांची खुर्ची आहे. तिच्यावर मी आमसुलं वाळवते. आमसुलं नसली तर मिरच्या, आणि पाहुणे असले की त्यांचे ओले टॉवेल. माझी घरगुती खानावळ आहे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. कुडाळ स्टेशनवरून रिक्षा करून येणारं प्रत्येक कुटुंब आधी समुद्र बघतं आणि मग ती खुर्ची. पाठीवर लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘वीर जवानास सप्रेम भेट’. खाली देणाऱ्या संस्थेचं नाव होतं, ते उन्हापावसाने गेलं. सप्रेम तेवढं राहिलं. लोक विचारतात, ‘कोणाची हो?’ मी म्हणते, माझ्या बाबांची, पण ते हिच्यावर एकदाच बसले, तेही फोटोपुरते. मग पुढचं सांगावंच लागतं आणि तोवर सोलकढी वाढायची राहून जाते.

बाबा फौजी. मी दुसरी-तिसरीत असताना सीमेवर सुरुंगावर त्यांचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. घरी आले ते पुण्याहून मिळालेला नवा पाय लावून. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडायच्या ऐवजी म्हणाली, ‘बूट खंय काढतलास, भायर की भितर?’ आमच्या घरात रडणं असंच असायचं. रात्री तो पाय भिंतीला टेकवून ठेवलेला असे, बुटासकट. आम्ही त्याला ‘दुसरो’ म्हणत असू. ‘गो, दुसऱ्याक पॉलिश केलंस?’ बाबा सकाळी विचारत, आणि मी शाळेत जायच्या आधी दुसऱ्याला पॉलिश करत असे. पहिल्याला पॉलिश नसे, कारण त्याला चप्पल असायची.

आमचं घर रापणकरांचं. रापण म्हणजे होडीतून समुद्रात जाळं अर्ध्या चंद्रासारखं सोडून यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायच्या. रांगेत उभं राहायचं, टाच वाळूत रोवायची, अंग मागे टाकायचं. सगळं बळ पायात. बाबांचे आजे-पणजे त्या रांगेत उभे राहिले होते, आणि पाय गेला म्हणून बाबा मागे राहणारे नव्हते. पेन्शन होती, कोणी बोलावत नव्हतं, तरी पहाटे जात. घरी आले की पहिलं काम म्हणजे दुसऱ्याची वाळू झटकायची आणि स्क्रूंना खोबरेल तेल घालायचं. खाऱ्या पाण्याने स्क्रू खाल्ले जायचे. आई करवादायची, ‘माझ्या केसांक तेल नाय आणि ह्या लाकडाक!’

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ओहोटीच्या ओल्या वाळूत दुसरा असा रुतला की बाबा मागच्या मागे आडवे झाले आणि पाय जागच्या जागी राहिला. रांगेतली दोन-चार माणसं हसली. मग तो वाळूत एकटाच उभा असलेला पाय सगळ्यांना दिसला आणि हसणं थांबलं. बाबा उठून बसले. मी पळत जाऊन पाय उपटून आणला. त्यांनी तो तिथेच बसून लावला, अंगावरची वाळू झाडली आणि घरी आले. त्यानंतर ते दोरीला लागले नाहीत.

आता वाट्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रापण ओढून झाली की मासे वाळूवरच ओततात आणि तिथेच वाटे घालतात. आधी जाळ्याचा वाटा, मग होडीचा, मग ओढणाऱ्यांचे वाटे एका ओळीत. त्या ओळीपासून जरा बाजूला आणखी एक रास असते. ज्यांना ओढायला जमत नाही त्यांची. कोणी विधवा बाई, कोणी आजारी, कोणी थकलेला. त्यांना कोणी हात पसरायला लावत नाही, कोणी हार घालत नाही. जे काय आहे ते उघड्यावर, कावळ्यांच्या आणि माणसांच्या डोळ्यांदेखत. बाबा पडले त्या दिवसापासून त्यांचा वाटा त्या बाजूच्या राशीत गेला. घालणारा होता तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. वाटा लहान नसे, कधी कधी ओढणाऱ्यांपेक्षा मोठाच असे. पण बाबा तो आणायला कधी स्वतः गेले नाहीत. मला पाठवत. मी परत आले की पिशवीत बघत नसत.

वर्षं गेली. आई गेली. मी लग्न केलं नाही, का ते विचारू नका, खानावळ केली. बाबा खळ्यात बसून कांदे चिरून द्यायचे आणि पाहुण्यांशी फौजी हिंदी बोलायचे. पहाटे किनाऱ्यावरून ओढणाऱ्यांचं ‘हैस्सा’ ऐकू आलं की मात्र हातातली सुरी थांबायची. मला ते बघवायचं नाही. मी मुद्दाम मिक्सर लावायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वाडीतला, मुंबईत मोठा झालेला एकजण घरी आला. त्याने तिकडे माजी सैनिकांसाठी संस्था काढली होती आणि तो तिचा अध्यक्ष होता. पांढरी पँट, हातात दोन मोबाइल. पण उंबऱ्यात चप्पल काढून आला, बाबांच्या पाया पडला, तेव्हा म्हटलं, बरा आहे. ‘काका,’ तो म्हणाला, ‘यंदा आमी आपल्या गावच्या फौजींसाठी निधी जमवतोव. तुमका काय होया ता सांगा.’

मी आत चहा ठेवत होते. मला माहीत होतं बाबा काय म्हणणार. ‘काय नको रे, सगळा आसा.’ जन्मभर तेच म्हणत आले. तेवढ्यात ऐकू आलं, ‘माका पाय होयो.’

मी गॅस बंद केला.

‘वाळूत रुतणार नाय असो,’ बाबा म्हणत होते. ‘खाऱ्या पाण्यात चलात असो. असतत म्हणे आता. मरच्या आधी एकदा रापणीची दोरी ओढूची आसा, बस.’

असा पाय असतो हे खरं. त्यांना पाय मिळत असे, जुना झाला की बदलूनही मिळे, नाही असं नाही, पण तो रस्त्यावर चालायचा. पाण्यावाळूतला वेगळा, आणि त्याची किंमत ऐकून मला घाम फुटला होता. तरी मी म्हटलं होतं, खानावळीतून थोडे थोडे बाजूला काढून घेऊ. तर म्हणाले, ‘तुझ्या चुलीतलो पैसो माझ्या पायाक नको.’ आणि आज स्वतःच्या तोंडाने, एका परक्यासारख्या माणसापाशी, मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी चहात साखर किती घातली देव जाणे, अध्यक्ष गोड म्हणून प्यायला.

मग पत्रकं आली. वर बाबांचा पदकं लावलेला फोटो आणि खाली, ‘चला, या वीराला पायावर उभं करूया!’ गावात काय सांगू, लोक हसतहसत देत होते. बाजारात मासे विकणाऱ्या बायांनी कमरेच्या पिशवीतून काढून दिले. शेजारची मिस, चर्चच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेली, तिने नाताळला गोव्याला भावाकडे जायचे म्हणून ठेवलेले दिले. ‘अगो, भाव काय पळान जाता?’ म्हणाली. मुंबईहून चाकरमान्यांनी दिले ते वेगळेच. सगळ्यांना वाटत होतं, आपण पायाचा एक तुकडा विकत घेतोय. कोणी मला रस्त्यात थांबवून विचारी, ‘पाय कधी येता?’ जणू आमच्याकडे बाळंतपणच होतं.

कार्यक्रम मे महिन्यात ठेवला, चाकरमानी आलेले असतात म्हणून. शाळेच्या पटांगणात मांडव, फुलांची कमान, दोन्ही बाजूंना फ्लेक्स. फ्लेक्सवर अध्यक्षाचा फोटो बाबांच्या फोटोपेक्षा मोठा. गाणी म्हणायला बाहेरून वाद्यवृंद आणलेला. तालुक्यातले जेवढे माजी सैनिक मिळाले तेवढे बोलावलेले, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. मे महिन्यात शाल! अरे, माणसाला जिवंतपणी शिजवताय का? मागे जेवणाच्या पंक्तीची तयारी. आणि स्टेजवर लाल रिबिनीचा बो बांधलेली ही खुर्ची.

पाहुणे यायला उशीर होता, म्हणून तोवर फोटो उरकून घेऊ म्हणाले. बाबांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. बाबा चालत आले होते हो, स्वतःच्या पायांनी, दुसऱ्याला मी कडक पॉलिश करून दिलं होतं! मी अध्यक्षाला कोपऱ्यात गाठलं. ‘पाय खंय?’

‘पाय बसलो नाय गो खर्चात,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘पण खुर्ची बघ, एकदम भारी आसा.’

ज्या माणसाने उभं राहायला मागितलं त्याला यांनी बसायला दिलं. माझं डोकंच फिरलं. मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर सोलून काढणार होते, पण बाबांनी खुर्चीतून हात लांब करून माझं मनगट धरलं. ‘आज नको गो बाय. तेचो कार्यक्रम आसा.’ हसत म्हणाले. पण ते हसू मी ओळखते. वाळूत बसून पाय लावताना असंच हसले होते.

स्टेजच्या पायरीशी तांडेल उभा होता, आमचं बोलणं ऐकत. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात नारळ. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने सांगणं घालायचं, आणि प्रत्येक सांगण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. अध्यक्षाने ते कार्यक्रमात मुद्दाम घातलं होतं. मुंबईच्या पाहुण्यांना गावची परंपरा दाखवायची होती, पाच मिनिटांत. कोणाकोणाची नावं घ्यायची तेही तांडेलाला सांगून ठेवलं होतं. तिथेच त्याचं चुकलं. मुंबईत राहून तो एक गोष्ट विसरला. गाऱ्हाणं मध्ये कोणी तोडत नाही.

पाहुणे आले, सगळे उभे राहिले, माइक तांडेलासमोर धरला. त्याने तो हाताने बाजूला केला. समुद्रावर दोन रांगांना हाक मारणारा माणूस, त्याला माइक कशाला?

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळं पटांगण.

‘आज तुझी लेकरां हय जमली आसत, तेंची सेवा मान्य करून घे, रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

सांगितलेली सगळी नावं त्याने घेतली. पाहुण्यांचं, संस्थेचं, अध्यक्षाचं. अध्यक्ष डोळे मिटून, हात जोडून, प्रत्येक वेळी सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. मला वाटलं संपलं. तांडेलाने नारळ दुसऱ्या हातात घेतला.

‘ह्या तुझ्या लेकरान देशासाठी पाय दिलो, रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘तेका पाय होयो म्हणान गोरगरिबांनी पदरचे पैशे काढून दिले, रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ मासेवाल्या बायांचा आवाज चढला.

‘ते पैशे मांडवाक लागले, शालींक लागले, जेवणाक लागले, आणि पाय मागणाऱ्याक खुर्ची गावली. ही जी काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे, रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ अध्यक्षाच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि मग त्याने डोळे उघडले.

‘आणि येत्या जत्रेआधी ह्या माणसाक वाळूत उभो रवणारो पाय करून दितले, असो शब्द तुझ्यासमोर देतत. तो पुरो करून घे, रे म्हाराजा!’

आता काय करील? सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गरजला. मिस तर ख्रिस्ती, पण तिचाही आवाज मला वेगळा ऐकू आला. अध्यक्षाचे ओठ हलले. शहरात माणूस कितीही मोठा होवो, गाऱ्हाण्याला व्हय म्हणून फिरायची छाती आमच्याकडे कोणाची नाही. तांडेलाने नारळ फोडला आणि खाली उतरून बाबांच्या शेजारी उभा राहिला. बाबा खुर्चीतून उठले होते. शाल घेतली ती उभ्यानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आमच्या खळ्यात. पांढरी पँट नाही, लुंगी. मी म्हटलं, आता हा भांडणार, आणि मी कंबर कसून बाहेर आले. तर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘काका, एक पैसो मी खाल्लंय नाय. आवशीची शपथ.’

‘माका ठावक आसा,’ बाबा म्हणाले.

‘मांडव नाय घातलो, पावण्यांक बोलावला नाय, फोटो छापान इले नाय, तर फुडच्या वर्षी कोण एक रुपयो देवचो नाय. मोठे देणारे आधी इचारतत, कार्यक्रम खंय, स्टेजवर कोण बसतलो? कार्यक्रमाक लागता, छपाईक लागता, जाण्यायेण्याक लागता. मगे उरता ता...’ त्याने खुर्चीकडे पाहिलं.

मी त्याला सोडला नाही. ‘मगे पत्रकावर तसा लिवचा होता! मांडवासाठी पैशे द्या म्हणान! माझ्या बापाशीचो फोटो कित्याक?’ खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची थोडी दयाही आली. चोर असता तर सोपं होतं. चोराला शिव्या देता येतात. हा भला माणूस होता, आणि लोकांचा पैसा भलेपणाच्याच सोहळ्यात विरघळून गेला होता.

बाबांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला. ‘तू रापण बघलंस ना रे लहानपणी? वाटे खंय घालतत?’

‘वाळूत.’

‘सगळ्यांसमोर ना? जाळ्याक किती, होडयेक किती, ओढणाऱ्याक किती. कोणाक कमी गावला तर थंयच बोलता, आणि मगे घराक जाता. तुया पण तसा कर. मांडवाक लागले तर मांडवाक लागले म्हणान सांग. पण वाळूत सांग.’

त्याने केलं, हे मी कबूल करते. पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवलेल्या शाली दुकानदाराच्या गळ्यात परत मारल्या, कमी पडलं ते स्वतःच्या खिशातून आणि मित्रांच्या घातलं. गणपतीनंतर बाबांना माप द्यायला नेलं, आणि जत्रेआधी पाय आला. काळा, हलका, तळवा रुंद. बाबांनी तो हातात धरून उलटसुलट केला आणि म्हणाले, ‘ह्याका पॉलिश नको गो.’ मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आमचा ‘दुसरा’ बुटासकट भिंतीलाच राहिला.

त्या पहाटे मी खानावळ बंद ठेवली. अध्यक्ष मुंबईहून आला होता, फोटोग्राफर न घेता. बाबा रांगेत शेवटून दुसरे उभे राहिले. टाच रोवली. मी त्या तळव्याकडे बघत होते. लाट आली, वाळू सरकली, बाबा हलले नाहीत. ‘हैस्सा’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला तेव्हा मी तोंडात पदर कोंबला.

फार काही मिळालं नाही त्या दिवशी. थोडे बांगडे, बाकी बारीकसारीक. तांडेलाने वाटे घातले, आणि सवयीने बाबांचा बाजूच्या राशीतच घातला. लक्षात आल्यावर तो उचलून ओळीत आणला. ओळीतल्या बाकीच्यांच्या मापाने वाटा लहान झाला. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर बाबा केवढ्याने ओरडले, ‘हात लावू नको! माझो वाटो, मी हाडतलंय.’ घरापर्यंत पिशवी त्यांनीच आणली आणि वाटेत भेटेल त्याला उघडून दाखवली. मिसच्या फाटकाशी तर थांबून तिला एक बांगडा दिला. ‘ह्यो तुमच्या गोव्याच्या तिकिटाचो,’ म्हणाले. मिस तो हातात धरून हसत उभी राहिली.

तो हंगाम ते ओढत राहिले, पुढच्या हंगामातही. पुढच्या मे महिन्यात संस्थेने मांडव घातला नाही. अध्यक्षाने किनाऱ्यावर उभं राहून कुठे काय गेलं ते सांगितलं, लोकांनी दोन-चार ठिकाणी त्याला धारेवर धरलं आणि मग पुन्हा पैसे दिले. पहिल्यापेक्षा कमीच, पण दिले.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या जरा आधी बाबा झोपेत गेले. मला रडू आलं नाही. पाहुण्यांना नाही म्हणायचं होतं, माणसांना चहा द्यायचा होता, मी यंत्रासारखी करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून ‘हैस्सा’ ऐकू आलं. थोड्या वेळाने तांडेल खळ्यात आला, हातात पिशवी. मला रागच आला. घरात सुतक, चुलीवर मासा चढायचा नाही, हे ह्या म्हाताऱ्याला कळू नये?

‘शिजव नको,’ तो म्हणाला. ‘मिसक नेऊन दी. पण आज घातलेलो वाटो हयसर हाडूक होयो होतो.’

मला वाटलं, बाजूच्या राशीतला असणार. आता मी त्या राशीची. मी विचारलंही तसंच, जरा कडूपणाने, ‘खंयच्या राशीतलो?’

त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली. ‘ओळीतलो गो. ओढणाऱ्यांचो. तेची जागा आमी आज मोकळी ठेवली होती.’

तेव्हा मी रडले. तांडेलासमोर, खळ्यात, त्या खुर्चीचा दांडा धरून.